तांबीचे पाणी



या सदरात आपण एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, रेशनकार्ड, मुलींचे शिक्षण असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय निराळा आहे आणि काही वाचकांना तो या पानावर शोभणारा वाटणार नाही, याची मला कल्पना आहे. आमच्या घरी एक कुत्री होती. तिची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आम्ही तिला नऊ महिने घरीच सांभाळले. त्या काळात वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला भर रस्त्यात एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, म्हणून आज लिहितो आहे.

गगनबावडा म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा तालुका. पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवावे लागतात. २०२२ च्या जुलैत एका बैठकीहून वैभववाडीकडून मोटारसायकलवर परत येत होतो. करूळ घाटात गटाराच्या कडेला काहीतरी हलताना दिसले. गाडीने ठोकरलेले तांबूस रंगाचे कुत्रे होते. मागचा एक पाय लोंबत होता. थांबावे की जावे, असा विचार मनात आला नाही म्हणालो तर खोटे होईल. एक वळण पुढे गेलोसुद्धा होतो. मग परत फिरलो, रेनकोटात गुंडाळून तिला पुढ्यात घेतले आणि घरी आलो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पायाला प्लास्टर झाले. आई म्हणाली, "पाय बरा झाला की सोडून दे." पाय बरा झाला, पण तोवर आईनेच तिचे नाव तांबी ठेवले होते आणि शिळी भाकरी दुधात कुस्करून तिच्यापुढे ठेवायला लागली होती. तेव्हा सोडण्याचा विषय निघाला नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती आपल्यापैकी अनेकांच्या घरी होण्यासारखी आहे. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात गारठ्याने तांबीचा तोच पाय दुखू लागला. ती लंगडायची, रात्री कण्हायची. माझ्या कंबरदुखीसाठी घरात डायक्लोफेनॅकच्या गोळ्या होत्या. माणसाला अख्खी चालते, कुत्र्याला अर्धी चालेल, असा हिशेब मी केला. पाच दिवस रोज अर्धी गोळी भाकरीत घालून दिली. सहाव्या दिवशी तिने जेवण टाकले आणि काळसर उलटी केली. गोळ्या बंद केल्यावर आठवड्याने ती सावरली. आम्ही ते विसरून गेलो.

जानेवारी २०२४ मध्ये आईच्या लक्षात आले की तांबी फार पाणी पिते. सकाळी भरून ठेवलेले पितळी पातेले दुपारपर्यंत रिकामे. रात्री घरात लघवी करायची, त्यावरून आई तिच्यावर ओरडायचीही. अंगावरचे मांस उतरत चालले होते, तोंडाला उग्र वास यायला लागला होता. ओळखीच्या वडापवाल्याच्या मागच्या सीटवर पोते अंथरून तिला पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासली. क्रिएटिनीन ४.६ आले. निरोगी कुत्र्याचे ते साधारण दीडच्या आत असते. आजाराच्या चार पायऱ्या मानतात, त्यांतली ही तिसरी.

मी विचारले, "साहेब, इतके दिवस कसे कळले नाही?" त्यांनी जे सांगितले ते मी बी.कॉम. झालेला माणूस असल्यामुळे मला लगेच समजले. मूत्रपिंडाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत क्रिएटिनीन फारसे वाढतच नाही. म्हणजे ठेवीतून रोज उचल चालू असते आणि पासबुकात मात्र शिल्लक जशीच्या तशी दिसत राहते. खोट दिसायला लागते तेव्हा बरेचसे गेलेले असते. गेलेला भाग परत येत नाही. उरलेल्यावर ताण कमी करायचा आणि जनावराला जमेल तितके सुखात ठेवायचे, एवढेच हातात राहते.

कारण काय, हे मात्र त्यांनी ठामपणे सांगितले नाही. आमच्या ओल्या मुलखात उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो कुत्र्यांनाही होतो आणि तोही मूत्रपिंडावर जातो. आधी कधीतरी होऊन गेलेला असू शकेल, असे ते म्हणाले. मग मी गोळ्यांचे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तेही असू शकेल." परतीच्या साठेक मिनिटांच्या प्रवासात मी एकही शब्द बोललो नाही.

याच औषधाची आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा, मेलेल्या जनावरावर गिधाडांचे थवे उतरायचे. ती गिधाडे गेली कुठे? गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक दिले जायचे, ती जनावरे मेल्यावर गिधाडे त्यांचे मांस खायची आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी व्हायची. २००४ साली शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केले आणि २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर बंदी घातली. आपल्या आज्या-पणज्यांवर मेलेली ढोरे ओढण्याचे काम लादलेले होते, त्यामुळे त्यांनी ही गिधाडे सर्वांत जवळून पाहिली. ते काम आपण टाकले ते योग्यच केले. पण एक साधी गोळी आकाशातला अख्खा पक्षी संपवू शकते, हे मला माझ्या कंबरदुखीच्या पाकिटावरून कळायला नको होते.

म्हणून हात जोडून सांगतो, माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्या-मांजराला स्वतःच्या मनाने देऊ नका. डायक्लोफेनॅक नको, आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटॅमॉलही नको. मांजराला तर पॅरासिटॅमॉल म्हणजे विषच. आणखी एक. द्राक्षे आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडू शकतात. बुद्धपौर्णिमेला आपण खीर करतो, तासगावचे बेदाणे हात सोडून घालतो आणि पातेल्याला उरलेली खीर प्रेमाने दारातल्या कुत्र्याला घालतो. ती घालू नका, त्याला साधा दूधभात घाला.

घरची सेवा कशी चालली तेही सांगतो. दिवसाआड दीडशे मिलिलिटर सलाईन कातडीखाली द्यायचे होते. माणसाला शिरेतून देतात, कुत्र्याला खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली सुई घालून देता येते. पाणी उंटाच्या मदारीसारखे पाठीवर फुगते, कधी एका पायाकडे उतरते आणि काही तासांत अंगात जिरते. बाटली रिंगर लॅक्टेटची. ती आधी कोमट पाण्यात ठेवायची, नाहीतर थंड पाणी आत गेल्यावर जनावर शहारते. माजघरातल्या खुंटीला बाटली अडकवली, खाली गोधडीवर तांबी. प्रत्येक वेळी नवीन सुई. पहिल्या दिवशी डॉक्टरांसमोर करून पाहिले तेव्हा माझा हात इतका थरथरला की सुई कातडीतून आरपार जाऊन सगळे पाणी माझ्याच शर्टावर सांडले. माझी पत्नी अंगणवाडी सेविका आहे. तिने दुसऱ्या दिवशी सुई हातात घेतली ती शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिली. मी बाटली धरायचो, आई तांबीचे डोके मांडीवर घ्यायची, धाकटी मुलगी घड्याळ आणि वही बघायची. कोणी सुरुवात करणार असेल तर डॉक्टरांकडून शिकून घ्यावी आणि किती द्यायचे ते त्यांनीच ठरवावे. हृदय अशक्त असेल तर जास्तीचे पाणी अंगावर येते.

वही मात्र माझी. कारकुनाचा स्वभाव जात नाही. तारीख, पाणी किती प्यायली, सलाईन किती, जेवली का, उलटी झाली का, दर आठवड्याला वजन. किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर मी तिला उचलून उभा राहायचो आणि मग माझे वजन वजा करायचो. चौदा किलोंवरून सुरुवात झाली होती. वहीमुळे डॉक्टरांना फोनवर नेमके सांगता यायचे आणि दर वेळी कोल्हापूरची खेप वाचायची.

खाण्यात सर्वांत अवघड गेले ते आईला. कुत्र्याला हाड घालू नये हे तिला पटतच नव्हते. पण हाडात फॉस्फरस जास्त आणि बिघडलेल्या मूत्रपिंडांना तो बाहेर टाकता येत नाही. म्हणून हाडे, कलेजी, सुके मासे, अंड्याचा पिवळा बलक, सगळे बंद. मऊ भात, अंड्याचा पांढरा भाग, थोडे उकडलेले कोंबडीचे मांस, मिठाशिवाय. वर फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी भातात चुरून, आणि मळमळीची गोळी जेवणाआधी. पाणी कमी केले तर लघवी कमी होईल, असे सुरुवातीला आईला वाटायचे आणि ती पातेले उचलून ठेवायची. ते चुकीचे होते. अशा जनावराला पाणी कधीच तोडायचे नाही. ते पिते कारण त्याच्या अंगात पाणी टिकत नाही.

लघवी पुसण्याचे काम माझे. लेप्टोचा संशय असल्यामुळे रबरी हातमोजे घालून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने. हा रोग कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत त्याने माणसे दगावली होती आणि घाटाखाली सिंधुदुर्गात तर हे नाव पोरासोरांना माहीत आहे. कुत्र्याला रेबीजच्या लसीबरोबर लेप्टोची लसही दर वर्षी टोचून घेता येते. आम्ही रेबीजची घेतली होती, दुसरी असते हेच माहीत नव्हते. पावसाळ्यात चिखलात काम करून घरी ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका, सरकारी दवाखान्यात जा.

खर्च महिन्याला सोळाशे ते अठराशे रुपये यायचा. हा सगळ्यांना परवडेल असा नाही आणि ज्याला परवडत नाही त्याच्या प्रेमात काही कमी आहे असे मी म्हणणार नाही.

आता तो प्रश्न. मार्च महिन्यात मेडिकलमधून बाटल्यांची पिशवी घेऊन येत होतो. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या मामांनी अडवले. हे मामा म्हणजे आमच्या विहाराच्या पायाचे दगड डोक्यावर वाहिलेला माणूस. म्हणाले, "आपल्या माणसांस्नी सलाईन मिळंना झालंय, आन् तू कुत्र्याला लावतोस व्हय रं? ज्या तळ्यावर कुत्री पानी पीत हुती, तिथं तुझ्या आज्याला ओंजळ मिळत न्हवती. इसरलास?"

विसरलो नव्हतो. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, ते याचसाठी. गुरेढोरे, कुत्री-मांजरे त्या तळ्याचे पाणी प्यायची आणि माणसांना मनाई होती. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत मणिभवनात गांधीजींची भेट झाली तेव्हाही बाबासाहेबांनी हेच ऐकवले की जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागवले जाते ती भूमी आम्ही आपली कशी म्हणावी. मामांच्या बोलण्यात शंभर वर्षांचा अपमान होता. मी मान खाली घालून घरी आलो.

घरात भिंतीवर राजगृहातला तो कौटुंबिक फोटो आहे, फेब्रुवारी १९३४ चा. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असेल. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव. लहानपणापासून पाहतो आहे, पण त्या संध्याकाळी मी त्यातले कुत्रे पाहिले. त्याचे नाव टॉबी, बाबासाहेबांचे लाडके. १९३१ साली ते शब्द बोललेल्या माणसाच्या घरातला १९३४ चा हा फोटो आहे. तळ्यावर पाणी पिणाऱ्या कुत्र्यावर बाबासाहेबांचा राग नव्हता. कुत्र्याला पिऊ देऊन माणसाला हाकलणाऱ्यावर होता. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोकाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही प्रकारच्या औषधोपचारांची सोय केल्याचे कोरले आहे. दोन्ही एकाच लेखात. हे मला मामांना सांगायचे होते. पण पोटात घेऊन हिंडलेला माणूस समोर असताना फोटो आणि शिलालेख दाखवणे मला बरे वाटले नाही. शिवाय त्यांचे पहिले वाक्य खरेच होते. आपल्या माणसांना सलाईन वेळेवर मिळत नाही.

ते जुलैत अंगावर आले. २०२४ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यात पूर आला. मांडुकलीजवळ कुंभीचे पाणी रस्त्यावर चढले आणि गगनबावड्याचा कोल्हापूरशी संबंध तुटला. घरात एकच बाटली उरली होती. मी मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार म्हणाला, "तीनच आहेत. रस्ता कधी उघडेल सांगता येत नाही." वस्तीत त्या आठवड्यात दोन घरी जुलाब चालू होते. दुकानदाराने बाटल्या काउंटरवर काढून ठेवल्या होत्या, मागितल्या असत्या तर त्याने दिल्या असत्या. कोणासाठी हे त्याने विचारलेही नव्हते. मी त्या आत ठेवायला सांगितल्या आणि रिकाम्या हाताने आलो.

घरी मुलगी रडली. पत्नी काही बोलली नाही. तिने असलेल्या बाटलीतून शंभरच मिलिलिटर दिले आणि मग आम्ही पाळ्या लावल्या. दर अर्ध्या तासाने विनासुईच्या पिचकारीने गालाच्या बाजूने थोडे थोडे उकळून गार केलेले पाणी, रात्रीसुद्धा. तोंडाने दिलेले पाणी उलटीत गेले की पुन्हा. वहीत त्या दिवसांचे अक्षर चौघांचे आहे. आईला लिहिता येत नाही, तिने रेघा मारल्या आहेत. रस्ता उघडेपर्यंत तांबीचे वजन सव्वा किलोने उतरले. त्यातले थोडे परत आले, सगळे आले नाही. त्या तीन बाटल्यांपैकी एक जुलाब झालेल्या एका बाईला लागली, असे नंतर कळले. मामांनाही हे कोणीतरी सांगितले असावे. ते माझ्याशी त्यावर काही बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस क्रिएटिनीन नऊच्या वर गेले. तोंडात फोड आले, चार दिवस अन्न नाही, उठून उभे राहता येईना. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले की आता सलाईनने फरक पडणार नाही. तिचे हाल थांबवायचे असतील तर झोपेचे इंजेक्शन देऊन थांबवता येतील. घरात दोन तट पडले. आई म्हणाली, "रोज विहारात पहिलं शील म्हणतोस, आन् घरात जीव घेणार?" भगवंताने आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हाताने केली, त्याला धुतले, पुसले, हे तिने माझ्याच तोंडून ऐकलेले होते आणि तेच तिने मला ऐकवले. सेवा शेवटपर्यंत करायची, तिला मरण येईल तेव्हा येईल, असे तिचे म्हणणे. पत्नी म्हणाली, "सुई मी टोचते. ती आता सुई टोचताना मानसुद्धा वळवत नाही. माझ्याच्याने होणार नाही."

मी विहारात जाऊन भन्तेजींना विचारले. शील म्हणजे शील, हे त्यांनी आधी सांगितले. मग तिला किती दुखते आहे, औषधाने दुखणे कमी होते का, डॉक्टर काय म्हणतात, हे बारकाईने विचारले. शेवटी म्हणाले की याचा निर्णय मी देणार नाही, तुम्ही घ्या आणि घेतल्यावर तो दुसऱ्याच्या नावावर टाकू नका.

तो मी कोणाच्या नावावर टाकत नाही. ३ नोव्हेंबरला डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचे आणि मग दुसरे इंजेक्शन दिले. आई विरोधात होती, तरी तांबीचे डोके तिच्याच मांडीवर होते. मागच्या फणसाखाली पुरले. आईचे मत अजून बदललेले नाही. ती मला दोष देत नाही, पण विषय निघाला की स्पष्ट सांगते की ते चुकलेच. मला वाटते बरोबर केले. एखाद्या रात्री तसे वाटतही नाही.

सलाईनच्या पाच सीलबंद बाटल्या उरल्या होत्या. त्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन दिल्या. त्याच सकाळी एक शेतकरी हगवण लागलेले म्हशीचे रेडकू घेऊन आला होता, दोन बाटल्या तिथेच लागल्या.